जत्रेतील फड आणि विठाबाई

कलेचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा कलावंतांची चरित्रे लिहितो. त्यांच्या दिव्यात तेल कोणी घातले, हे विचारावयाचे त्याच्या मनातही येत नाही. वास्तविक कोणत्याही लोककलेचे रूप ठरते ते तिच्या आश्रयदात्यावरून. आमच्या तमाशाकडे या दृष्टीने पाहिले असता त्याचे तीन आश्रयदाते स्पष्ट दिसतात: प्रथम पेशवाईतील वाडा, नंतर खेड्यातील जत्रा आणि सर्वांत शेवटी शहरातील नाट्यगृह. यांपैकी मधल्या आश्रयदात्याविषयी सुशिक्षितांनी फारच थोडे लिहिले आहे. तथापि या कलेला अत्यंत दीर्घकाळ जगविले ते त्यानेच, असे आमचे मत आहे.

राम जोशी, अनंत फंदी, होनाजी, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ ही नावे उत्तर पेशवाईशी निगडित आहेत. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि वाड्यांतील बिदागी आटली. शाहिरांची परंपरा मात्र बुडाली नाही. ती गावकुसाकडे वळली. ग्रामदैवताच्या जत्रेसाठी घरटी वर्गणी काढावयाची, तीतून फडाची सुपारी द्यावयाची आणि देवळापुढील माळावर साऱ्या गावाने फुकट तमाशा पाहावयाचा, हा प्रघात देशावर रूढ झाला. एका सरदाराच्या लहरीवर अवलंबून असलेली विद्या अशा रीतीने हजारो कुणब्या-बलुतेदारांच्या पैशा-अधेलीवर उभी राहिली.

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता या व्यवहाराची जणू पेठच होय. भोसरी, मोशी, चाकण, खेड, मंचर अशी गावे घेत हा रस्ता नारायणगावास पोहोचतो, आणि तमाशाची पंढरी म्हणून त्या गावाची ख्याती आहे. पाडव्याच्या सुमारास तेथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, तारखा जुळवितात, घासाघीस करतात आणि सुपारी ठरवून परततात. चैत्र-वैशाखातील या थोड्या आठवड्यांच्या कमाईवर फडाचे वर्षाचे गणित पुष्कळसे अवलंबून असते. पिके निघालेली, शेते मोकळी आणि पाऊस अद्याप दूर. जत्रांचा हंगाम उन्हाळ्यात पडतो तो याच कारणाने.

ज्यांनी अशी रात्र अनुभवली नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. दिवसभर तापलेली जमीन रात्री दहाच्या पुढे निवू लागते. कोणी घोंगडे, कोणी पोते अंथरून बसलेला असतो. मागे बैलगाड्या सोडलेल्या असत, आता तेथे मोटारसायकली दिसतात. ढोलकी आणि हलगी यांची सलामी झडते, तुणतुण्याचा एकसुरी स्वर लागतो आणि गणाला आरंभ होतो. मग गवळण, बतावणी, लावण्या आणि उत्तररात्रीपर्यंत चालणारा वग. पुष्कळ गावी दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात पुन्हा ‘हजेरी’ असते. येथे भिंत नाही की छत नाही. आवाज परत येत नाही; गायिकेच्या मुखातून निघाला की आभाळात जातो. म्हणून झीलकऱ्यांनी तो वरच्या पट्टीत झेलून धरावयाचा असतो. जत्रेतील गाणे नाजूक का नाही, असे विचारणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. जो स्वर शेवटच्या घोंगड्यापर्यंत पोहोचत नाही, तो या मैदानात स्वरच नव्हे.

या मैदानाने घडविलेल्या कलावंतांत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे स्थान फार उंच आहे. त्यांचा जन्म १९३५ साली पंढरपूर येथे झाला. विठा हे नावही पांडुरंगाचेच. वडील भाऊ व चुलते बापू यांचा फड महाराष्ट्रात नावाजलेला होता. गाणे, नाचणे आणि वगातील भूमिका या तिन्ही अंगांत विठाबाईंनी सारखेच प्रावीण्य मिळविले. १९६२ च्या चीनयुद्धाच्या काळात सीमेवरील जवानांपुढेही त्यांनी आपली कला सादर केली. राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. २००२ च्या जानेवारीत त्या निवर्तल्या, त्या मात्र विपन्नावस्थेत. पुढे २००६ पासून महाराष्ट्र शासनाने तमाशाक्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कारास त्यांचे नाव दिले.

त्यांच्याविषयी एक हकीकत सर्वत्र सांगितली जाते. दिवस भरलेले असता त्या बोर्डावर उभ्या होत्या. खेळ चालू असतानाच कळा सुरू झाल्या. पडद्याआड जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या. ही गोष्ट कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगण्याची चाल आहे, आणि निष्ठा तीत आहेच. परंतु तीत आणखीही काही आहे. सुपारी घेतली की फड उभा राहिलाच पाहिजे, हा या धंद्याचा कायदा. आजारपण, बाळंतपण, मृत्यू यांपैकी कशासाठीही त्यात कलम नाही. जिला आपण निष्ठा म्हणतो तिच्यात निरुपायाचा अंश किती, हे विचारल्यावाचून तिचे गोडवे गाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

सुशिक्षित वर्ग या काळात काय करीत होता? स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणास्तव तमाशावर बंदी घातली, व पुढे अटी घालून ती उठविली. गंमत अशी की, त्याच सुमारास, १९४७ साली, राम जोशीवरील बोलपट मध्यमवर्गाने डोक्यावर घेतला. १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य आले आणि तमाशाचा बाज नाट्यगृहात शिष्टसंमत झाला. हे वाईट झाले असे कोण म्हणेल? पण बाज आत आला, आणि तो ज्यांचा होता ती माणसे पुष्कळशी बाहेर माळावरच राहिली. त्यांच्या जातीचा व स्त्रीत्वाचा प्रश्न उंबरठ्याबाहेर ठेवूनच आपण त्यांच्या ढोलकीला घरात घेतले.

माळही आता पूर्वीचा राहिला नाही. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. आणि कारखान्यांची रांग पुढे चाकणच्या भुईकोटापर्यंत जाऊन भिडली. शेते गेली, परंतु भैरवनाथ जागचा हलला नाही. जत्रा भरतेच, आणि तिच्यात आता मराठवाड्यातून, खानदेशातून पोटासाठी आलेला कामगारही असतो, ज्याने आपल्या गावी हीच ढोलकी ऐकलेली आहे. परक्या शहरात त्या रात्रीपुरते त्याला आपले गाव सापडते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे जत्रा बंद राहिल्या, आणि फडांच्या चुली थंडावल्या. मधला आश्रयदाता दोन उन्हाळे दूर होताच काय होते, हे तेव्हा उघड्या डोळ्यांनी दिसले.

मृत कलावंताच्या नावाने पुरस्कार देणे चांगलेच आहे. पण विठाबाईंचे खरे ऋण जिवंतांच्या खात्यावर जमा झाले पाहिजे. वाढत्या नगरात देवळापुढील मैदान राखून ठेवावे. सुपारीच्या करारात आजारपणाला व बाळंतपणाला जागा असावी. म्हातारपणी मानधन मागण्यासाठी कलावंताला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत. आणि आमच्या वाचकांनी एखाद्या चैत्रात, घरच्या स्त्रियांसह, घोंगडे टाकून वग संपेपर्यंत बसावे. कुणब्यांच्या अधेलीने जी विद्या दोनशे वर्षे जगविली, तिला शिकलेल्यांचा रुपया अद्याप मिळावयाचा आहे.