ओकचा तीव्र ऱ्हास

ओकच्या प्रौढ झाडांना होणारा, खोडाच्या आतल्या सालीत जिवाणूंमुळे व्रण पाडणारा रोग. इंग्रजी ओक आणि सेसाइल ओक या ब्रिटनच्या दोन्ही मूळ जातींना तो होतो. पूर्व अँग्लिया, मिडलँड्स, आग्नेय इंग्लंड आणि वेल्सचा सीमाभाग ही त्याची मुख्य क्षेत्रे. पुढे स्वित्झर्लंड, स्पेन आणि इराणमधल्या ओकवृक्षांतही या रोगाशी निगडित काही जिवाणू सापडले.

रोगट झाडाच्या सालीच्या खवल्यांमध्ये काही सेंमी लांबीच्या उभ्या भेगा पडतात. त्यांतून काळपट पाणी झिरपून खोडावर ओघळते आणि वाळल्यावर काळे डाग राहतात. भेगेजवळची साल तासली, की आतला थर तपकिरी पडून कुजलेला आणि काही ठिकाणी पोकळ झालेला दिसतो. पाने मात्र बऱ्याचदा हिरवीगार असतात. शेंडा विरळ होतो तो नंतर. त्यामुळे वर पाहत चालणाऱ्याला हा रोग सहसा दिसतच नाही.

व्रणांत प्रामुख्याने ब्रेनेरिया गुडविनिआय, गिब्सिएला क्वेर्सिनेकन्स आणि राहनेला व्हिक्टोरियाना हे जिवाणू आढळतात. पैकी पहिले दोन विज्ञानाला ठाऊक झाले तेच याच रोगाच्या शोधात, अनुक्रमे २०१२ आणि २०१० मध्ये. ब्रिटनच्या ‘फॉरेस्ट रिसर्च’ या संस्थेतील सँड्रा डेनमन यांनी या संशोधनाचे नेतृत्व केले. ब्रेनेरिया हा यांतला म्होरक्या. पेशीभित्तिका विरघळवणारी विकरे त्याच्याकडे आहेतच, शिवाय झाडाच्या पेशीत थेट प्रथिने सोडण्याची यंत्रणाही आहे.

एवढ्यावर गुन्हेगार सापडला असे वाटेल. पण व्रणांच्या आसपास बहुतेक वेळा ॲग्रिलस बायगटेटस या भुंगेऱ्याच्या अळ्यांची नागमोडी भुयारेही असतात. हा भुंगेरा सुमारे १ सेंमी लांब, चकचकीत हिरवा, पंखांवर दोन पांढरे ठिपके असलेला. तो बाहेर पडतो ते छिद्र इंग्रजी डी अक्षरासारखे असते. अळ्यांच्या सान्निध्यात ब्रेनेरियाची जनुके अधिक घातक वागतात, असे प्रयोगांत दिसले आहे. त्यात अवर्षण आणि हवेतून पडणारे नत्र यांनी झाड आधीच खंगलेले असते. एका रोगाला एक जंतू ही रॉबर्ट कॉखची कसोटी इथे तोकडी पडते. नुसते ‘जिवाणूजन्य रोग’ म्हणणे सोयीचे आहे, पण अर्धेच खरे.

अमेरिकेतल्या ओकवरचा जायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू वेगळ्या रीतीने मारतो. रस शोषणाऱ्या तुडतुड्यांमार्फत तो काष्ठवाहिन्यांत शिरतो, पाणी अडवतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पानांच्या कडा करपतात.

तीव्र ऱ्हासावर औषध नाही. काही झाडे ४ ते ६ वर्षांत मरतात, पण पुष्कळ झाडांत स्राव थांबतो, नवी ऊती वाढून भेगा बुजतात आणि झाड जगते. त्यामुळे खोडावर काळा ओघळ दिसताच कुऱ्हाड चालवणे चूक आहे.