भिंतीतून बाहेर आलेला जिना

पुण्यातल्या जुन्या वाड्याचा जिना शोधावा लागतो. चौकात उभं राहिलं की सुरूच्या आकाराचे खांब, केळफुलांचं कोरीवकाम, सज्जाचा कठडा सगळं नजरेत भरतं. वर जायची वाट तेवढी दिसत नाही. ती भिंतीच्या पोटात असते. दोन-तीन हात जाड भिंतीत एका माणसापुरती जागा, उंच पायऱ्या, मिट्ट काळोख आणि वरच्या तोंडाला लाकडी झडप. रात्री झडप पाडली की खालचा माणूस खालीच. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमारास पुरा झाला. त्याच्या दर्शनी भागाचं लाकूडकाम पाहिलं की तेव्हाच्या सुतारांचा हात कळतो. पण साध्या वाड्यातल्या जिन्यापर्यंत तो हात पोचला नाही. चोराचिलटांपासून, शत्रूपासून जो लपवायचा, तो सजवणार कोण?

तरीही तो जिना सजत असे, वर्षातून एकदा, आणि बायकांच्या हातून. सदाशिव पेठेतल्या माझ्या सासरी गौरी माडीवर बसायच्या. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्यांना आणायचं, म्हणजे पावलंही जिन्यानंच वर न्यायची. सासूबाई तांदळाचं पीठ सरबरीत कालवत. मूठ वळायची, तिची करंगळीकडची कड पिठात बुडवून पायरीवर टेकवायची, वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके द्यायचे, झालं पाऊल. मग त्यावर हळदकुंकवाची चिमूट. पाऊल भिंतीच्या कडेला काढायचं, मधोमध नाही, हा त्यांचा दंडक होता. मुखवटे घेतलेल्या बाईचे दोन्ही हात अडकलेले असतात आणि ओल्या पिठावरून पाय सटकतो. पुढे एकजण निरांजन घेऊन चढायची. जिन्याच्या मध्यावर दिव्याचा कोनाडा होता, पिढ्यान्‌पिढ्यांच्या काजळीनं काळा झालेला. त्या उजेडात ती पांढरी पावलं एकेक करून पुढे दिसत जात.

माझं माहेर गिरगावातलं, चाळीतलं. १८५० नंतर मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, माणसं लोटली आणि चाळी वाढल्या. तिथं जिना लपवून चालणारच नव्हतं. एका जिन्यावर कितीतरी बिऱ्हाडांची ये-जा! तो रुंद झाला, उजेडात आला, आणि घरमालकाला मिरवायची जागा सापडली: कठड्याला कातारी कामाचे गज, पहिल्या खांबावर लाकडी गोळा. आमच्या चाळीतला तो गोळा हात लागून लागून आरशासारखा झाला होता. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, तशी चाळीचाळींतून सामायिक जागा सजवायची रीतही रुजत गेली. दिवाळीत मात्र लाकडी पायऱ्यांवर पणती लावायची नाही, असा आमच्या चाळीत सक्त नियम होता. पणत्या खालच्या फरसबंदीवर, कंदील गॅलरीत आणि जिन्याच्या वळणावर रांगोळी. ती रोज कुणाचा तरी पाय लागून फिसकटे, रोज कुणीतरी नव्यानं काढी. जवळच्या खोताच्या वाडीत तर जिने घराबाहेरूनच चढायचे. नाताळात त्यांच्यावरचे तारे आम्ही मुद्दाम बघायला जायचो.

पायरीच नक्षीची झाली ती सिमेंटमुळे. १९२२ साली सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्ससारख्या स्वदेशी कारखान्यांनी रंगीत सिमेंटच्या फरशा घडवल्या, आणि पुढच्या दशकात शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी अशा भागांत मोझॅकच्या पायऱ्या आणि लोखंडी जाळीचे कठडे आले. त्या कारागिरांनी पायरीच्या धारेला वेगळ्या रंगाचा पट्टा दिला, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. उतरणाऱ्याला पायरी कुठं संपते ते कळतं. आज लोक पायरीवरच चित्रविचित्र फरशी बसवतात आणि धार दिसेनाशी होते. नक्षी हवी तर पायरीच्या उभ्या बाजूवर करावी. चढणाऱ्याला ती समोर दिसते, आणि पाय पडतो ती जागा मोकळी राहते.

वाड्याच्या जागी आता इमारत झाली आहे. मुलं म्हणतात, गौरी लिफ्टनं आणू. मी ऐकत नाही. खालच्या दारापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत पावलं निघतात, भिंतीच्या कडेनं. बाजारात पावलांचे स्टिकर मिळतात, ते चिकटवले की वर्षभर राहतात. पण गौरी तिसऱ्या दिवशी जातात. त्यांच्या पाठोपाठ पावलंही पुसायची असतात, म्हणून पीठच बरं.