कुलाब्याचे आरसे आणि लेहच्या भिंती

ऐन वैशाखात कोकणातल्या श्रोत्यांसमोर ऊब या विषयावर बोलणे म्हणजे त्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच होय. तरीही हा विषय मी निवडला, कारण कडाक्याच्या थंडीत उन्हाने घर तापते काय, या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या वरसे-रोह्याच्या गच्च्यांवरच ठेवलेले आहे. ज्यांच्या घरी पाणी तापवण्याचा सोलर बंब आहे त्यांनी आठवून पाहावे. पौष महिन्यात पहाटे पांघरूण सोडवत नाही, पण नळाला पाणी येते ते हात भाजणारे. आषाढात हवा पौषापेक्षा उबदार असते, अंगाला घाम असतो आणि बंबाचे पाणी मात्र कोमट. हवा गार असताना बंब चालतो, हवा गरम असताना अडतो. याचा अर्थ असा की त्या बंबाचे वैर थंडीशी नाही, ढगाशी आहे.

मी काही विज्ञानाचा पदवीधर नव्हे. कारखान्याच्या दाराशी उभे राहून जे शिकता आले तेवढेच माझे शिक्षण. परंतु ही गोष्ट पडताळून पाहणारा माणूस अडीचशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे, हे वाचले तेव्हा मोठा आनंद झाला. ओरास बेनेडिक्ट द सोस्यूर हा जिनिव्हाचा पंडित. त्याने 1767 साली काचेच्या झाकणाची, आतून काळी, अशी एक पेटी तयार केली आणि ती उन्हात ठेवून आतले तापमान मोजले. पुढे तिच्याभोवती लोकर भरून तो ती आल्प्समधील क्रामों पर्वताच्या माथ्यावर घेऊन गेला. तेथे हवेचे तापमान जेमतेम 6 अंश सेल्सिअस होते. पेटीच्या आत ते 88 अंशांवर गेले. मग तीच पेटी सुमारे 1,500 मीटर खाली आणली. खाली हवा 25 अंशांची होती, पण पेटीतला पारा जवळजवळ तेथेच राहिला. डोंगरावर थंडी असते ती ऊन कमी पडते म्हणून नव्हे, तर तेथील विरळ हवा उष्णता धरून ठेवीत नाही म्हणून, हे त्याने दाखवून दिले. एखाद्या पेटीत आपण ती उष्णता धरून ठेवली, की बाहेरच्या हवेचे फारसे चालत नाही.

यातली युक्ती साधी आहे. निरभ्र दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर साधारण एक किलोवॅट, म्हणजे विजेच्या एका शेगडीइतकी, शक्ती पडत असते. काच तिला आत येऊ देते; आतली काळी वस्तू तापून जी उष्णता बाहेर टाकू पाहते तिला मात्र काच सहजी जाऊ देत नाही. भोवती लोकर, पेंढा, माती असे काही असले की काम झाले. या तीन गोष्टींपैकी एक जरी ढिली पडली तरी ऊन वाया जाते.

आता आपण आपल्या मुंबईकडे येऊ. विल्यम अ‍ॅडम्स नावाचा इंग्रज मुंबईच्या उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार होता. कागदपत्रांच्या गठ्ठ्यांतून उठून या गृहस्थाने आपला फुरसतीचा वेळ सूर्यावर घालवला. फ्रान्समध्ये ओग्युस्तँ मूशो याने शंकूसारख्या धातूच्या आरशाने वाफेचे एंजिन चालवून दाखवले होते, ते अ‍ॅडम्सने वाचले. पण घासूनपुसून लखलखीत ठेवावयाचा तो धातूचा आरसा महाग, लवकर काळवंडणारा आणि फार मोठा करता न येणारा. अ‍ॅडम्सने त्याऐवजी चांदीचा मुलामा दिलेल्या काचेचे साधे सपाट आरसे घेतले, सुमारे 17 इंच लांब आणि 10 इंच रुंद, आणि ते एका मोठ्या चौकटीत अशा कोनात बसवले की सर्वांचे ऊन एकाच बॉयलरवर पडावे. सूर्य सरकला की चौकट अर्धवर्तुळाकार रुळांवरून ढकलावयाची. कुलाब्यात आपल्या बंगल्यापुढे त्याने या उन्हावर अडीच अश्वशक्तीचे एंजिन चालवले व त्यावर पंप लावला. 1878 साली त्याचे पुस्तकही निघाले. उष्ण प्रदेशात इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, असा त्याचा विषय होता.

त्याच्या हिशेबात एक बारीक नोंद आहे, ती मला विशेष वाटते. दर अर्ध्या तासाने चौकट हलवावयास एक मजूर पुरेल, असे त्याने लिहिले. बॉयलरच्या तोंडाशी दिवसभर कोळसा ओढणाऱ्या फायरमनचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना या एका वाक्याचे मोल कळेल. आणखी एक गोष्ट. त्या काळी मुंबईच्या गिरण्या सूर्योदयाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबत. दिव्यांची सोयच नव्हती. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार गिरणी कामगारांनी जो अर्ज केला, त्यातही काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे अशी मागणी होती. पुढे 1905 च्या सुमारास गिरण्यांतून विजेचे दिवे लागले आणि दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. सूर्यावर चालणारी गिरणी मुंबईत झाली असती तर मालकाला संध्याकाळी ती बंद करण्यावाचून गत्यंतर नव्हते. असो. हा माझ्या धंद्याचा विचार झाला.

थंडीशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. अ‍ॅडम्सने सूर्यावर स्वयंपाकाची एक चूलही केली होती: आठ आरशांची, मध्ये काचेखाली भांडे. त्या चुलीवर सात शिपायांचा शिधा, मांस आणि भाज्या, दोन तासांत शिजला. आणि तो शिजला जानेवारीत, मुंबईच्या सर्वांत थंड महिन्यात, असे त्याने मुद्दाम नमूद केले. मुंबईची थंडी ती काय थंडी, असे म्हणून आपण हसू. पण थंडीच्या महिन्याचा उल्लेख करावा, असे त्याला वाटले, यावरून लोकांच्या मनातली शंका तेव्हाही हीच होती असे दिसते.

मग हे सारे विसरले का गेले? आरसे चालले नाहीत म्हणून नव्हे. 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला होता, आगबोटींनी विलायती कोळसा येत होता, रेल्वेने बंगालचा कोळसा येऊ लागला. भरल्या पावसाळ्यात आणि रात्रीही कोळसा जळतो. मूशोच्या नशिबीही तेच आले. 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने उन्हाच्या जोरावर बर्फ करून दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कोळसा स्वस्त आहे म्हणून फ्रेंच सरकारने पुढे हात आखडता घेतला.

घर तापवण्याची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने पुढे गेली. अमेरिकेत एडवर्ड मोर्स याने 1881 साली एका भिंतीचे पेटंट घेतले: बाहेरून काळी भिंत, तिच्यापुढे थोडी जागा सोडून काच. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतात ओदेयो येथे फेलिक्स त्रोंब या शास्त्रज्ञाने झाक मिशेल या वास्तुशिल्प्याच्या मदतीने 1967 साली तशाच भिंतींची घरे बांधली, आणि तेव्हापासून तिला त्रोंबची भिंत म्हणतात. मोर्सचे नाव पुसले गेले. भिंत जाड असेल तर दुपारी घेतलेली उष्णता हळूहळू मुरत जाऊन रात्री आतल्या खोलीत उतरते. भिंत हीच येथे कोठार असते.

आपल्या देशात ही भिंत जेथे खरोखर कामाला आली तो प्रदेश लडाख. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात पारा उण्या वीस अंशांखाली जातो. पण वर्षभरात तेथे पाऊस पडतो सुमारे 100 मिलिमीटर. आपल्या रोह्यात 3,000 हून अधिक. वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस ऊन असते. तेव्हा उन्हाने घर तापवण्याच्या दृष्टीने जुलैतल्या रोह्यापेक्षा जानेवारीतले लेह कितीतरी सोयीचे, हे ऐकावयास विचित्र असले तरी खरे आहे. लाकूड तेथे दुर्मिळ. लोक पूर्वापार शेण आणि थोडाफार पाला-काटक्या जाळीत. मोटाररस्ता 1960 च्या दशकात झाल्यावर रॉकेल आणि कोळसा मिळू लागला, पण तो उन्हाळ्यात ट्रकांनी नेऊन हिवाळ्यासाठी साठवावा लागे, कारण झोजी ला बर्फाने बंद होई.

1970 च्या दशकाच्या अखेरीस तेथे त्रोंबच्या भिंतींचे प्रयोग सुरू झाले. 1983 साली लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुप ही संस्था निघाली. 1988 साली सोनम वांगचुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकमॉल ही विद्यार्थ्यांची चळवळ उभी केली. फे गावाजवळची तिची शाळा दक्षिणेकडे तोंड करून, जाड मातीच्या भिंतींची बांधलेली आहे. बाहेर उणे पंधरा असता आत विद्यार्थी शेगडीवाचून राहतात. मातीची वीट, काच आणि काळा रंग यांपलीकडे त्यात काही नवल नाही. दुर्दैव असे की लेह शहरात सिमेंटची घरे वाढली. ती दिसावयास पक्की, पण पातळ भिंतींची, तोंड रस्त्याकडे केलेली; त्यांना बुखारी पेटवावीच लागते. बंद खोलीत बुखारी पेटली की धुरातला विषारी वायू झोपेतच जीव घेतो, हा धोका वेगळाच.

छपरावर तावदाने लावून वीज करावयाची आणि तिने हीटर चालवावयाचा, हा दुसरा मार्ग. सिलिकॉनची तावदाने थंडीत अधिकच चांगली चालतात. तापमान एक अंशाने वाढले की त्यांची वीज शेकडा चार दशांश भागाने घटते. अडचण बॅटरीची आहे. लिथियमची बॅटरी शून्याखाली भरू लागले तर ती बिघडते, म्हणजे आधी बॅटरीलाच ऊब द्यावी लागते. म्हणून केवळ खोली तापवावयाची तर मातीची भिंत अजूनही स्वस्त पडते, असे माझे मत आहे.

सूर्य मुळीच उगवत नसेल तर काय, याचेही उत्तर आपल्याच लोकांजवळ आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम 1981 च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली, आणि आजही या मोहिमांची व्यवस्था पाहणारी संस्था वास्को येथे आहे. 2012 साली सुरू झालेल्या भारती तळावर इंधन जाळून वीज करतात आणि एंजिनाची वाया जाणारी उष्णता घर तापवण्यास वापरतात. तेथील हिवाळ्यात काही आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही. त्या काळात आरसा, भिंत, तावदान, कशाचाच उपयोग नाही. बेल्जियमचे प्रिन्सेस एलिझाबेथ केंद्र वारा आणि ऊन यांवर चालते, पण माणसे तेथे प्रामुख्याने उन्हाळ्यात राहतात.

राहता राहिला शिपाई. सियाचीनवर आपले सैन्य 1984 च्या एप्रिलपासून आहे. तेथे ऊब म्हणजे रॉकेल, आणि रॉकेल म्हणजे ते वर पोहोचवणारी माणसे. नुब्रा खोऱ्यातले हमाल ही ओझी पाठीवर घेऊन हिमनदीवर चढतात. 2020 नंतर पूर्व लडाखमध्येही हजारो जवान हिवाळाभर राहू लागले. 2021 च्या फेब्रुवारीत वांगचुक यांनी त्यांच्यासाठी केलेला एक तंबू लोकांना दाखवला. दहा जवान मावतील असा, दिवसा ऊन साठवून रात्री देणारा. रात्री दहा वाजता बाहेर उणे 14 अंश, आत अधिक 15, आणि रॉकेल नाही. अ‍ॅडम्सने सात शिपायांचे जेवण उन्हावर शिजवले, त्याला तेव्हा सुमारे 143 वर्षे झाली होती.

त्या तंबूविषयीच्या मजकुरात आणखी एक आकडा होता. त्याचा कोणताही सुटा भाग 30 किलोहून जड नाही. प्रौढ पुरुष कामगाराने हाताने उचलण्याच्या ओझ्याला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली 55 किलोची मर्यादा सुचवली होती. पाच हजार मीटरवर, जेथे रिकाम्या हातांनी चालतानाही दम लागतो, तेथे 30 किलो काही हलके नव्हेत. पण तंबूचे ओझे एकदाच वर न्यावे लागते. रॉकेलचा डबा रिकामा झाला की दुसरा न्यावाच लागतो.