तेल गाळण्याचा इतिहास : स्वच्छता की प्रवाह?

१/ शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवणारे अनेकजण सर्वांत बारीक गाळणारा ऑइल फिल्टर हाच सर्वोत्तम मानतात. या वस्तूचा शतकभराचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

२/ आरंभीच्या मोटारींत तेल गाळण्यासाठी फार तर एक जाळी असे. काजळी व धातूचे बारीक कण तेलाबरोबर फिरत राहत. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांचा ‘प्युरोलेटर’ आला. ‘प्युअर ऑइल लेटर’ या शब्दांचा हा संक्षेप. १९२४ च्या क्रायस्लर सिक्स मोटारीत ऑइल फिल्टर मूळ रचनेतच समाविष्ट होता.

३/ त्या काळच्या बहुतेक रचनांत पंपाच्या तेलाचा अल्प भागच फिल्टरमधून जाई; उरलेले न गाळताच बेअरिंगकडे पोहोचे. फिल्टर तुंबला तरी इंजिनाचे तेल तुटत नसे.

४/ दुसऱ्या महायुद्धानंतर सर्व तेल गाळणारी ‘फुल-फ्लो’ पद्धत रूढ होत गेली. पण आता फिल्टर तुंबला तर बेअरिंग कोरडे पडणार! म्हणून बायपास झडप आली. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. तेलाविना राहण्यापेक्षा मळके तेल बरे, हा त्यामागचा विचार.

५/ ट्रॅकवर हाच विचार कसाला लागतो. इंजिन दीर्घकाळ उच्च फेऱ्यांवर चालते, तेलाचा प्रवाह वाढतो. अतिबारीक पण लहान फिल्टर अडथळा वाढवतो. झडप उघडते आणि बारीक गाळणी निरुपयोगी ठरते.

६/ तीव्र वळणावर तेल एका बाजूस सरकून पंप हवा ओढतो, त्यावर मात्र कोणताही फिल्टर उपाय नव्हे. १९६७ साली झँडफोर्ट येथे पदार्पणातच जिंकलेल्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनात त्यासाठी ड्राय सम्प होता : तेलाचा साठा वेगळ्या टाकीत.

७/ म्हणून निवडताना केवळ आटे जुळतात एवढे पाहू नये. बायपास झडपेचा दाब निर्मात्याने सांगितलेलाच हवा. कवच मजबूत आणि गाळणीचे क्षेत्रफळ पुरेसे हवे.

८/ वापरलेला फिल्टरही लगेच फेकू नये. जाणते मेकॅनिक तो कापून घड्या उलगडतात. तिथे धातूचे चमकते कण दिसले, तर इंजिन पुन्हा ट्रॅकवर नेण्यापूर्वी उघडून पाहणे श्रेयस्कर.