निळ्या पडद्यावरचे व्याकरण

लेखनाचे साधन हेच भाषेचे व्याकरण आहे असा समज एखाद्या पिढीचा झाला, तर काय होते? याचे एक उदाहरण 'सी' या संगणकभाषेच्या इतिहासात सापडते.

१९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये सी घडवली, तेव्हा संहिता लिहायला केन थॉम्प्सन यांचा 'एड' हा एडिटर होता आणि तिचे यंत्रभाषेत रूपांतर करायला कंपायलर. दोन्ही स्वतंत्र. आज्ञा चुकली की 'एड' टेलिटाइपच्या कागदावर केवळ एक प्रश्नचिन्ह उमटवी. (इतका मितभाषी संपादक आमच्या नियतकालिकांना क्वचितच लाभला!) १९७६ मध्ये बर्कलीत बिल जॉय यांनी 'व्हीआय' लिहिला, पुढे 'इमॅक्स' आला. एडिटर बदलत गेले, कंपायलरला त्याचे सोयरसुतक नव्हते.

१९८७ साली दोन वाटा फुटल्या. रिचर्ड स्टॉलमन यांचा मुक्त कंपायलर 'जीसीसी' आला आणि बोर्लंडचा 'टर्बो सी'ही. टर्बो सीमध्ये एडिटर व कंपायलर एकाच पडद्यावर नांदत होते. साध्या पीसीवर झपाट्याने चालणारी ही सोय आपल्या महाविद्यालयांनी उचलली, यात गैर काहीच नव्हते. गैर झाले ते नंतर. पडदा पुसणारे 'क्लिअरस्क्रीन', 'कोनिओ' ही हेडर फाइल, 'व्हॉइड मेन' हे सारे सीचेच, असे विद्यार्थी मानू लागले. वस्तुतः १९८९ च्या प्रमाण सीमध्ये 'कोनिओ' नाही, आणि 'मेन'ने पूर्णांक परत करावा अशी अपेक्षा आहे. ती बोली होती. प्रमाणभाषा म्हणून शिकवली गेली.

माझ्या भाचीला परीक्षेत प्रश्न आला: 'इंट' किती बाइटचा? तिने चार लिहिले, कारण घरच्या जीसीसीत तो चारचाच होता. गुण शून्य. अपेक्षित उत्तर दोन. टर्बो सीत त्याची कमाल मर्यादा ३२,७६७. प्रमाण ग्रंथ एवढेच सांगतो की 'इंट' यापेक्षा लहान नसावा. म्हणजे प्रश्न भाषेचा नव्हताच, प्रयोगशाळेतल्या यंत्राचा होता. उत्तर मात्र भाषेच्या नावे तपासले गेले.

६४-बिटी विंडोजवर टर्बो सी थेट चालत नाही, त्यासाठी डॉसबॉक्सचा टेकू लागतो. भाचीला मी सुचवले: एडिटर आवडेल तो घे, कंपायलर मात्र प्रमाण सी जाणणारा घे आणि त्याचे इशारे बंद करू नकोस. तिने वर्गातला पहिलाच प्रोग्रॅम जीसीसीला दिला. उत्तर आले: 'कोनिओ' नावाची फाइल सापडत नाही.