तर, तिथी आणि तिवरं : मुंबईच्या उपनगरातल्या शांत पाणवाटा



बचत गटाची सहल मुंबईला न्यायची ठरली, की यादी ठरलेलीच असते. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, राणीची बाग, संध्याकाळी चौपाटीवर भेळ आणि रात्रीच्या गाडीने परत. दिवसभर गर्दीत एकमेकींचे हात धरून चालायचं, आणि घरी आल्यावर पाय चेपत म्हणायचं, "बघितली बाई मुंबई!" आज आम्ही मुंबईची दुसरी बाजू सांगणार आहोत. या शहराच्या उपनगरात अजूनही अशा पाणवाटा आहेत, जिथे होडीत बसल्यावर पाण्याचा आवाज ऐकू येतो. त्या वाटांना मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात बायकांचा हात आहे.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावं आपण लोकलच्या पाटीवर वाचतो. ही गावं मुंबईच्या जुन्या सात बेटांवर नव्हती. ती होती शेजारच्या मोठ्या बेटावर, साष्टीवर. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी, असं जुनी माणसं सांगत. या बेटाच्या उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची आणि पश्चिमेला समुद्र. पश्चिमेच्या समुद्राचेही फाटे आत शिरलेले: मालाडची खाडी, मनोरीची खाडी, गोराईची खाडी. चहूबाजूंनी पाणी असल्यावर माणसं प्रवास कशाने करणार? होडीने. मासे, मीठ, भाजी, लाकूड, वऱ्हाड, आजारी माणूस, सगळं पाण्यावरून जायचं. नदी किंवा खाडी ओलांडून देणाऱ्या होडीला आपल्याकडे 'तर' म्हणतात. आपल्यापैकी कितीतरी जणींची माहेरं तरीपलीकडची असतील.

या पाण्यासाठी लढाया झाल्या. साष्टी पोर्तुगीजांकडे होती, ती 1737 मध्ये मराठ्यांनी घेतली आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पुढे 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी त्यांच्या हाती गेली. वर्सोव्याला, ठाण्याला, वसईला किल्ले उभे राहिले ते खाडीच्या तोंडांवर. ज्याच्या ताब्यात खाडीचं तोंड, त्याच्या ताब्यात आतला मुलूख, असा तो काळ होता.

आता एका बाईची गोष्ट. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये माहीमची खाडी. आज मोटार ती मिनिटभरात ओलांडते, पण दोनशे वर्षांपूर्वी तिथे तर होती. पावसाळ्यात ती वाट जीवावरची असे. होड्या उलटत, माणसं बुडत. पूल बांधा अशी मागणी झाली, पण कंपनी सरकारला एवढा खर्च नको होता. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. त्यांनी दीड लाख रुपयांहून जास्त रक्कम दिली. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे दीड लाख! लोकांकडून टोल घेऊ नये, अशी त्यांची अट होती, असं सांगतात. 1845 साली तो रस्ता खुला झाला आणि माहीमचा कॉजवे आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याआधी 1805 मध्ये शीव आणि कुर्ला यांच्यामधला बांध तयार झाला होता. मग रेल्वे आली. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, ती आजच्या घाटकोपर, मुलुंडच्या बाजूने. 1867 साली विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली. तरी एकेक करून बंद पडत गेल्या.

आवाबाईंनी किती जीव वाचवले याची मोजदाद नाही. त्यांचे उपकार मोठेच. पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे. एकेका बांधाने, भरावाने, रस्त्याने खाडीचं तोंड आवळत गेलं. विहार तलावाच्या बाजूने निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी सुमारे अठरा किलोमीटरची. तिच्या काठावर कारखाने, वस्त्या, विमानतळ, नवी कार्यालयं उभी राहिली. तिवरं तोडली गेली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. दुपारी भरती होती. पावसाच्या पाण्याला समुद्रात शिरायला वाट नव्हती, आणि पसरायला जागा उरली नव्हती. त्या दिवसाच्या आठवणी आपल्या मुंबईकर नातेवाइकांकडून आपण ऐकल्याच आहेत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरात तिवरं तोडायला बंदी केली. 2012 मध्ये वन विभागाने कांदळवन कक्ष सुरू केला. 2015 मध्ये ठाण्याच्या खाडीचा सुमारे सतरा चौरस किलोमीटरचा भाग रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला, आणि 2022 मध्ये ठाण्याच्या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला. ज्या पाण्याकडे शहराने पाठ फिरवली होती, तिथे लोक पुन्हा होडीत बसून जायला लागले. आता पलीकडे पोचायची घाई नव्हती. तिवरं आणि पाखरं बघायला, थोडं शांत बसायला ते येत होते.

परदेशात, कॅनडासारख्या ठिकाणी, लोक अरुंद, हलक्या होड्या घेऊन आठवडाभर जंगलातल्या तळ्यांमधून हिंडतात. एका तळ्यातून दुसऱ्यात जायला पाणी नसलं, तर होडी खांद्यावर घेऊन चालतात. या होड्या आणि या वाटा मूळच्या तिथल्या आदिवासींच्या. तिथे निघण्याआधी माणूस नकाशा बघतो, वारा बघतो, मुक्काम ठरवतो. आपल्या खाड्यांमध्ये त्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे भरती-ओहोटी. आणि ती बघायची रीत आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आहे.

कोळीवाड्यातला हा जुना ठोकताळा लक्षात ठेवा. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा. जे उत्तर येईल, साधारण त्या वाजता मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास. हीच वेळ दिवसा आणि हीच रात्री. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. यात तासभर मागेपुढे होतं, म्हणून नेमकी वेळ छापील तक्त्यातून किंवा होडीवाल्याकडून घ्यायचीच. पण हिशेब येत असला, की कुणी चुकीची वेळ सांगितली तर आपल्याला लगेच खटकतं.

आणखी एक. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि ओढही जास्त. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाण्याचा चढउतार कमी. नवख्या माणसांनी, लहान मुलं बरोबर असताना, भांगाचे दिवस निवडावेत. वाऱ्याचंही तसंच. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. दुपारनंतर समुद्रावरून येतात ते खारे वारे. वल्ह्यांच्या आणि शिडाच्या काळात कोळी मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्यावर घरी येत. आपण सकाळी निघावं, म्हणजे पाणीही शांत आणि ऊनही सोसवतं. जून ते सप्टेंबर खाडीतल्या सहलीचं नावच काढू नये.

आता जायचं कुठे? तीन वाटा सांगतो.

पहिली, बोरिवलीची गोराई आणि मालाडची मनोरी. बोरिवलीहून गोराईला आणि मार्वेहून मनोरीला अजून तरी चालतात. तिकीट काढायचं, पलीकडे उतरायचं. पाच-दहा मिनिटांचा प्रवास, पण दोन्ही काठांना तिवरं. गोराईला जगप्रसिद्ध विपश्यना पॅगोडा आहे, तिथे बसायला सावली आणि शांतता दोन्ही मिळतात. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, म्हणून सहल मंगळवारी किंवा बुधवारी ठेवा.

दुसरी, अंधेरीच्या पश्चिमेची वर्सोवा ते मढ. रस्त्याने गेलं तर वीसेक किलोमीटरचा वळसा, तरीने काही मिनिटं. दोन्ही काठांवर कोळीवाडे, सुकत घातलेली जाळी, वाळत घातलेले बोंबील. सकाळी या तरीवर टोपल्या घेतलेल्या बायका दिसतील. त्यांच्याशी बोला. मुंबईची खरी ओळख त्यांच्याकडून होते.

तिसरी, मुलुंड-भांडुपच्या पूर्वेची ठाण्याची खाडी. इथे तर नाही, पण मुलुंडच्या पुलापलीकडे ऐरोलीला वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून रोहित पक्षी दाखवायला होडी जाते. हिवाळ्यापासून मेपर्यंत हजारो पक्षी चिखलावर उतरतात आणि खाडीचा काठ गुलाबी दिसतो. होडीची वेळ घड्याळाने ठरत नाही, भरतीने ठरते. म्हणून आधी विचारून, नाव नोंदवूनच जावं. होडीत बसल्यावर अंगात जीवरक्षक जॅकेट हवंच, पोहता येत असलं तरी. पक्ष्यांच्या फार जवळ न्या, असा आग्रह होडीवाल्याला करायचा नाही. ते उडाले की त्यांचं खाणं थांबतं, आणि आपला फोटोही बिघडतो.

एवढं वाचून कुणी म्हणेल, सहलीपुरतं ठीक, पण यात आपल्याला काय? त्याचं उत्तर सिंधुदुर्गात आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत मच्छीमार घरांतल्या बायकांच्या 'स्वामिनी' या बचत गटाने 2017 मध्ये कांदळवन सफर सुरू केली. होडी वल्ह्यांची, वल्हवणाऱ्या बायका, आणि कोणतं झाड कोणतं, कोणता पक्षी कुठून आला, हे सांगणाऱ्याही त्याच. इंजिन नसल्यामुळे आवाज नाही, आणि आवाज नाही म्हणून पक्षी जागचे हलत नाहीत. लहानपणापासून ज्या चिखलात उतरून कालवं काढली, त्याच चिखलाचं ज्ञान त्यांच्या कमाईचं साधन झालं. त्याच वर्षी कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनाही आली. किनाऱ्यावरच्या गावांनी तिवरं राखली, तर खेकडापालन, कालवपालन, पर्यटन यासाठी शासन मदत करतं, असा तिचा गाभा आहे. किनाऱ्यावरच्या गटांनी वन विभागाकडे तिची चौकशी जरूर करावी.

आणि आता अवघड प्रश्न. वर्सोव्याहून मढला पूल व्हायचा आहे. वर्सोव्याहून भाईंदरपर्यंत किनारी रस्त्याची आखणी झाली आहे आणि त्याच्या वाटेत तिवरं येतात. मढच्या बाळंतिणीला रात्री रुग्णालयात न्यायचं असेल तर पूल हवाच, हे आपण गावात राहणाऱ्या बायकांना कुणी समजावून सांगायला नको. पावसाळ्यात तर बंद पडली की काय हाल होतात, हे आपल्याला पाठ आहे. पूल नको असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही. पण पुलाची जागा ठरवताना खाडीचं पाणी कुठून चढतं, मासा कुठे अंडी घालतो, होडी कुठे लागते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारलं जातं का? मिठीच्या काठाने बांध घालताना, भराव टाकताना कुणी कोळणीला विचारलं असतं, तर भरतीच्या वेळी पाणी कुठे थोपतं हे तिने बोटाने दाखवलं असतं. ते न विचारल्याची किंमत शहराने 2005 मध्ये मोजली.

आवाबाईंकडे पैसा होता, त्यांनी पैसा दिला. आपल्याकडे माहिती आहे. आपल्या गावच्या नदीवर, खाडीवर, धरणाच्या फुगवट्यावर पूल, रस्ता किंवा भराव यायचा असेल, तर ग्रामसभेत उठून पाण्याची वाट सांगणं हे आपलं काम आहे. त्यासाठी ती वाट आधी आपल्याला ठाऊक हवी. सहलीला जाल तेव्हा होडीत नुसतं बसू नका, तांडेलाला विचारा: पूर्वी पाणी कुठवर यायचं? आता कुठवर येतं? आणि घरी आल्यावर हेच दोन प्रश्न आपल्या गावच्या सर्वांत म्हाताऱ्या आजीला विचारा.

तिने जे सांगितलं, ते आम्हाला लिहून पाठवा. तुमच्या गावच्या तरीची आठवण असेल, तर तीही कळवा. पुढच्या भागात आम्ही ती वाचून दाखवू.

नमस्कार.