घरकुल कर्मचारी : वेतन व लाभ (महाड-पोलादपूर)

ग्रामीण घरकुलांची बरीचशी धुरा कंत्राटी माणसांवर आहे. २०१६ मध्ये इंदिरा आवास योजनेच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तिच्यातील ग्रामीण गृहनिर्माण अभियंता बाह्यस्रोतातून नेमला जातो; त्याला वेतनश्रेणी नाही, घरकुलामागे कामाच्या टप्प्यानुसार मानधन मिळते.

आधी जोते, मग छत. प्रत्येक टप्प्याला जागेवर जाऊन अक्षांश-रेखांशासह मोबाइलवर फोटो काढायचा. पोलादपूरच्या डोंगरातल्या विखुरलेल्या वाड्यांवर एका फोटोसाठी घाट चढावा लागतो. घरे मोजून दिलेला मोबदला या पायपिटीला न्याय देत नाही.

राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे, म्हणजे म्हाडाचे, चित्र वेगळे. २२ जुलै २०२१ रोजी दरडीखाली गेलेल्या तळियेच्या (ता. महाड) पुनर्वसनातील घरे म्हाडाकडे सोपवली गेली; म्हाडाच्या कायम कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी आणि महागाई भत्ता आहे.